नाकाच्या शस्त्रक्रियेचा आग्रह आणि सोळावे वर्ष

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: मुलगी (किंवा मुलगा) नाक नीट करून घ्यायचे म्हणते आहे, त्यासाठी योग्य वय कोणते? विचारणाऱ्याला बहुधा एक आकडा हवा असतो, आणि तो सांगता येतो. मुलींच्या नाकाची वाढ साधारणपणे पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलांची सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत पूर्ण होते. त्याआधी केवळ रूपासाठी शस्त्रक्रिया केली आणि नाकाच्या मधल्या पडद्याच्या कूर्चेला धक्का लागला, तर पुढची वाढ बिघडू शकते. म्हणूनच जाणते सर्जन पाळी कधी सुरू झाली, गेल्या वर्षभरात उंची वाढली का, असे प्रश्न आधी विचारतात. अपघातात मोडलेले नाक, श्वासाला होणारा मोठा अडथळा किंवा जन्मतः दुभंगलेला ओठ ही कारणे निराळी आहेत आणि त्यांचे वेळापत्रकही निराळे असते. परंतु शरीराची वाढ पूर्ण झाली एवढ्यावरून मूल अशा शस्त्रक्रियेला तयार झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि माझा अनुभव असा की घराघरांतली गल्लत नेमकी इथेच होते.

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक कुटुंबातील मुलीची हकीकत यासाठी सांगावीशी वाटते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी विज्ञान शाखेत, जळगावला वसतिगृहात राहणारी. आईवडील तिला घेऊन आले तेव्हा दोघांचे मत आधीच ठरलेले होते आणि ते परस्परविरुद्ध होते. वडिलांचे म्हणणे असे की पुढेमागे लग्नाच्या वेळी हा विषय निघणारच आहे, तर आत्ताच सुट्टीत उरकून टाकलेले बरे. आईला ही कल्पनाच सहन होत नव्हती. घरी आजी रोज म्हणत होती, ‘तुनं नाक मनी मायसारखं शे’ (तुझं नाक माझ्या आईसारखं आहे), आणि एका काकांनी देवाने दिलेल्या नाकाला सुरी लावणे हे पाप असल्याचे सांगून टाकले होते. (काकांच्या या आक्षेपावर मला एवढेच सांगावेसे वाटते, की टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याकडच्या एका कुंभाराने कपाळाच्या कातडीचे नाक करून दिल्याचा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आला होता. नाकावरची शस्त्रक्रिया आपल्या मुलखाला परकी नाही. प्रश्न ती कोणावर, कशासाठी आणि केव्हा करावी एवढाच आहे.)

मुलगी खोलीत आली आणि समोरच्या दोन खुर्च्यांपैकी भिंतीलगतची निवडून डावी बाजू भिंतीकडे येईल अशी बसली. पुढच्या भेटीतही तीच खुर्ची, तीच बाजू. विचारल्यावर तिने सांगितले, की वर्गातही ती डावीकडच्या भिंतीला टेकूनच बसते, कारण त्या बाजूने नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा जास्त दिसतो. बोट फिरवून तिने तो मला नेमका दाखवला. उंचवटा खरोखरच होता आणि मलाही दिसत होता. ही गोष्ट क्षुल्लक नाही, कारण मूल ज्या दोषाबद्दल बोलते तो इतरांनाही दिसतो का, आणि मूल तो जेवढा आहे तेवढाच सांगते का, यावरून पुढची दिशा बरीचशी ठरते.

इथे धुळ्याकडच्या एका सतरा वर्षांच्या मुलाची आठवण सांगणे भाग आहे. त्याच्या नाकात मला, त्याच्या घरच्यांना किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांना काहीच वावगे दिसत नव्हते. तो मात्र रोज कित्येक तास आरशासमोर घालवत होता, कॉलेज सोडून बसला होता, आणि आज नाकपुड्यांबद्दल तर उद्या शेंड्याबद्दल बोलत होता. या अवस्थेला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात तिला ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या गटात स्थान दिले. ती बहुधा किशोरवयातच सुरू होते. अशा मुलाचे नाक बदलल्याने त्याचे समाधान क्वचितच होते. धास्ती तशीच राहते किंवा दुसऱ्या अवयवाकडे वळते. त्याला मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते आणि औषधे व विचार-वर्तन उपचारपद्धती यांचा चांगला उपयोग होतो. या मुलाला मी त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. दिवसातून तासाहून अधिक वेळ एकाच अवयवाचा विचार, माणसांत जाणे बंद, अभ्यास बंद, अशी लक्षणे दिसत असतील तर पालकांनी सर्जनची वेळ घेण्याच्या आधी तिकडे जावे, असे मी कळकळीने सांगेन.

रावेरच्या मुलीचे तसे नव्हते. ती अभ्यास करत होती, मैत्रिणींबरोबर मेहरूणच्या तलावावर फिरायला जात होती, चेहऱ्याबद्दलची तिची एकच तक्रार होती आणि ती आठवीपासून बदललेली नव्हती. इच्छेचे हे सातत्य मला महत्त्वाचे वाटते. मात्र तिची निकड नवी होती, आणि ती कुठून आली हे कळायला वेळ लागला. दोन महिन्यांपूर्वी वर्गातल्या कोणीतरी तिचा बाजूने काढलेला फोटो कापून व्हॉट्सॲपच्या ग्रुपसाठी त्याचे स्टिकर बनवले होते. तेव्हापासून कोणी काही चुकले की ग्रुपवर तेच स्टिकर पडत असे. तिने हे घरी सांगितले नव्हते. तिचे म्हणणे एवढेच होते की दिवाळीच्या सुट्टीत नाक झाले पाहिजे.

मी तिला विचारले, ‘समज, शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि तरीही ग्रुपवर ते स्टिकर पडत राहिले, तर?’ ती म्हणाली, ‘मॅडम, मग कशाला पडेल?’ हे उत्तर मी वहीत टिपून ठेवले, कारण तयारी नसल्याची यापेक्षा स्पष्ट खूण मला माहीत नाही. शस्त्रक्रिया नाकाचा उंचवटा कमी करू शकते. ती वर्गाचा स्वभाव बदलू शकत नाही. छळ थांबावा म्हणून शस्त्रक्रिया करणारे मूल छळ थांबला नाही तर दुप्पट खचते. म्हणून नाकाच्या आधी स्टिकरचा बंदोबस्त करणे आवश्यक होते. तिच्या संमतीने आईला सारे सांगितले, आई वर्गशिक्षिकांना भेटली आणि ज्या मुलांनी ते केले होते त्यांच्या पालकांना बोलावून ते बंद करण्यात आले. लोक ही पायरी अनेकदा वगळतात, आणि चेष्टा सहन करणाऱ्या मुलालाच बदलायला निघतात, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी गोष्ट फोनची. तिच्या मोबाइलमध्ये स्वतःचे असंख्य फोटो होते आणि जवळजवळ सगळे हात लांब करून काढलेले. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत चेहऱ्याचा पुढे आलेला भाग मोठा दिसतो. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने असे दाखवले होते, की सुमारे १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी जास्त भासते. मी आईला सांगितले, की अंगणात उजेडात उभे राहून, पाच-सहा फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्याने तिचे समोरचे आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पुढच्या वेळी ते पाहताना मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘समोरून ठीक आहे. बाजूने मात्र मला अजूनही आवडत नाही.’ मला हे उत्तर फार मोलाचे वाटले. तक्रार नाहीशी झाली नाही, पण ती खऱ्या आकाराला आली, आणि सर्जनला सांगता येईल इतकी नेमकी झाली.

सर्वांत अवघड बैठक वडिलांबरोबरची होती. त्यांच्यासमोर ती नाकाबद्दल एक अक्षर बोलायची नाही, आणि वडील याचा अर्थ तिची संमती आहे असा घेत होते. वास्तविक वडिलांचे नाक हुबेहूब तसेच आहे. ‘मला माझे नाक आवडत नाही’ असे म्हणणे म्हणजे पप्पांना नावे ठेवण्यासारखे होईल, अशी तिला भीती होती. मी वडिलांना म्हटले, ‘भाऊ, लग्नाचा विषय तुम्ही आज थोडा बाजूला ठेवा, आणि तिला काय वाटते ते फक्त ऐका.’ ती अडखळत बोलली. ऐकताना त्यांचा हात नकळत स्वतःच्या नाकाच्या दांड्याकडे गेला. ते म्हणाले, ‘माझ्यावर गेलं याचा मी तर आनंद मानत होतो. पण चेहरा तुझा आहे, बेटा. लग्नाचं मी पुन्हा काढणार नाही.’ त्यांनी तो शब्द पाळला.

लग्नाच्या बाजारासाठी मुलीचे नाक बदलायला निघालेले पालक मला अधूनमधून भेटतात, आणि त्यांना मी स्पष्ट नकार देते. अठरा वर्षांखालील मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी पालकांची सही लागते हे खरे, परंतु पालकांची सही आहे आणि मुलाची इच्छा नाही, अशा वेळी कोणत्याही सर्जनने केवळ रूपासाठी शस्त्र हाती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. उलट बाजूने, मुलाची इच्छा असेल आणि पालकांचा तीव्र विरोध असेल तर घाई करण्यातही शहाणपण नाही, कारण बरे होण्याच्या काळात मुलाला घरच्यांचाच आधार लागतो.

तो काळ पुष्कळांना वाटतो तेवढा छोटा नसतो. नाकावर साधारण आठवडाभर पट्टीचे कवच राहते, डोळ्यांभोवतीचे काळेनिळे डाग दोन आठवड्यांच्या आसपास टिकतात, चष्मा नाकावर टेकवण्यास काही आठवडे मनाई असते आणि कबड्डीसारख्या खेळांना त्याहून अधिक काळ. शेंड्यावरची सूज पूर्ण उतरायला वर्षभरही लागते, म्हणजे पहिल्या महिन्यात आरशात दिसणारे नाक हे शेवटचे नाक नव्हे. काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय उन्हापासून अनेक महिने जपावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकू’ हा बेत खानदेशात तरी सोयीचा नाही. मुलीला मी हे सर्व सांगितले आणि मग तिलाच म्हटले, की आता तू तुझ्या आईला समजावून सांग. तिने सूज आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता न गाळता सांगितली. धोके स्वतःच्या शब्दांत मांडता येणे ही मी तयारीची मोठी कसोटी मानते.

त्यानंतर कुटुंब नाशिकला एका प्लास्टिक सर्जनना भेटले. त्यांनी नाकाच्या आतल्या पडद्याची तपासणी केली, श्वासाला अडथळा नसल्याचे सांगितले, आणि वाढ पूर्ण झालेली दिसत असली तरी घाईचे कारण नाही, असे मत दिले. शेवटी निर्णय मुलीनेच सुचवला: बारावीची परीक्षा आणि अठरावे वर्ष या दोन्ही गोष्टी होऊ द्यायच्या, तोवर विषय घरात दडपायचाही नाही आणि रोज उगाळायचाही नाही. आईला हा आपला विजय वाटला. तिला मी बाजूला घेऊन सांगितले, की थांबणे म्हणजे नकार नव्हे. दोन वर्षांनी मुलगी हेच म्हणाली तर तुम्हाला तिच्याबरोबर जावे लागेल. आईने थोडा विचार करून होकार दिला.

अठरा पूर्ण झाल्यावर मुलगी एकटी भेटायला आली. स्टिकरचा विषय मी काढल्यावर ती म्हणाली, ‘ते लोक दुसरं काहीतरी शोधतील, मॅडम. मला ते माझ्यासाठी हवं आहे, आणि फक्त उंचवटा. बाकी नाक पप्पांचं राहू दे.’ तिने सर्जनना विचारायचे प्रश्न एका कागदावर उतरवून आणले होते. भूल कोण देणार, रात्री रुग्णालयात राहावे लागेल का, त्यांनी केलेल्या अशा शस्त्रक्रियांचे आधीचे आणि वर्षानंतरचे फोटो पाहता येतील का, आणि परिणाम मनासारखा न आल्यास पुढे काय. मी त्यात एकाच प्रश्नाची भर घातली: संगणकावर दाखवलेले चित्र हा अंदाज असतो, तेव्हा प्रत्यक्षात त्यातले कितपत साधेल? आता दुसऱ्या एका सर्जनचे मत घेऊन हिवाळ्यातली तारीख ठरवायची आहे, आणि त्या भेटीला आई सोबत जाणार आहे.