डायलिसिसच्या पाण्यात कॅल्शियम किती असावं? वडिलांचं १.७५ आहे, रक्तवाहिन्या कडक होतील का?

आधी एकक बघा. डायलिसिसचं पाणी बनवायला वापरतात त्या पार्ट ए च्या कॅनवर (कॅल्शियम त्यातच असतं, पार्ट बी म्हणजे बायकार्बोनेट) मिलीमोल लिहिलंय की मिलीइक्विव्हॅलंट? १.५ मिलीमोल म्हणजेच ३ मिलीइक्विव्हॅलंट. इथं हमखास घोळ होतो.

केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या सूचनेत १.२५ ते १.५ मिलीमोल सुचवलंय. रक्तातलं मोकळं कॅल्शियम साधारण १.१ ते १.३ असतं, त्यामुळं १.७५ असेल तर ते उलट रक्तात शिरतं. त्यात फॉस्फरस वाढलेलं आणि ते कमी करायची गोळीही कॅल्शियम अ‍ॅसिटेटची असेल, तर धमन्यांच्या भिंतीत चुना साचायला आयतंच निमित्त. कोल्हापूरच्या गंगावेशीतलं धारोष्ण दूध आणि मटणाचा रस्सा फॉस्फरस वाढवतात, तेवढं आवरा.

पण स्वतःहून १.२५ चा हट्ट धरू नका. त्यानं डायलिसिस चालू असताना बीपी पडू शकतं, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) वाढतं, ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबलेलं असेल तर ठोके बिघडण्याचा धोका. कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, पीटीएचचे रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी घेऊन नेफ्रॉलॉजिस्टना थेट विचारा, ‘१.७५ कशासाठी ठेवलंय?’ पॅराथायरॉइडच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम घसरत असेल, तर ते मुद्दामही ठेवलेलं असतं.