दुखतं किती, छळतं किती

अनेक आशीर्वाद.

विडी वळणाऱ्या त्या मावशींचा एमआरआय स्वच्छ, तरी कंबर दहापैकी आठ दुखते. मग खोटं कोण, असं तू विचारतेस. कुणीच नाही! तू 'किती दुखतं' विचारलंस, 'किती छळतं' विचारलंच नाहीस. आकडे दोन घ्यायचे.

मेंदूत वेदनेचं एकच केंद्र नसतं. मज्जारज्जूतून आलेले संदेश थॅलॅमसपासून, म्हणजे मेंदूच्या आतल्या जंक्शनपासून, ढोबळमानाने दोन वाटांनी जातात. एक संवेदी कॉर्टेक्सकडे, म्हणजे स्पर्श ओळखणाऱ्या बाहेरच्या थराकडे: कुठे दुखतंय, किती जोरात. दुसरी सिंग्युलेट आणि इन्सुला या भावनांशी जोडलेल्या भागांकडे: ते किती नकोसं आहे. १९९७ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी लोकांचे हात ४७ अंशांच्या पाण्यात बुडवले आणि संमोहनाने फक्त नकोसेपणा कमी-जास्त केला. सिंग्युलेटमधली हालचाल त्याबरोबर बदलली, संवेदी कॉर्टेक्समधली नाही. पाणी मात्र तेच होतं.

म्हणून दोन आकडे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या माणसाला यंत्रमागाचं उदाहरण दे: खडखडाट किती मोठा, हा एक आकडा, तो किती नकोसा होतो, हा दुसरा. पहिला लिहून झाला की थांब, मग दुसरा विचार. एका दमात विचारलंस तर दोन्हीला आठच येईल. घरची भाषा तेलुगू असेल तर तेलुगूतून विचारून घे, पण उत्तर सुनेकडून घेऊ नकोस.

पायातली ताकद, लघवीवरचा ताबा, ताप, घटलेलं वजन हे सगळ्यात आधी तपासायचं, हे तुला सांगायला नको.

पहिला आकडा मोठा असेल तर बैठक बदल. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, 'अधूनमधून उठा' म्हटल्याने कुणी उठत नाही. विड्यांच्या ठरावीक जुड्या झाल्या की मांडीवरचं सूप खाली ठेवून उभं राहायचं, असं ठरवून दे. दुसरा मोठा असेल तर झोप विचार, आणि 'मणका झिजलाय, वाकू नका' असं कुणी घाबरवलंय का तेही विचार. मध्यमेंदूतून खाली मज्जारज्जूकडे येणारी वाट वेदना दाबते तशी वाढवतेही, आणि अशी मनात बसलेली भीती तिला वाढवायला लावू शकते. 'सगळं मनाचं आहे' हे वाक्य मात्र तोंडातून काढू नकोस.

ओपीडीत वेळ नसतो म्हणशील. दोन मिनिटं काढ. मला यावरून हट्टी म्हणतात, म्हणू देत. एका आकड्यावर गोळ्या वाढवत नेणं मला मान्य नाही.

दोन्ही आकडे तारखेसह केसपेपरवर लिही. सहा आठवड्यांनी पहिला आठच राहिला आणि दुसरा चारवर आला, तर 'फरक नाही' असा शेरा मारू नकोस.