सॅटेलाइटवर 50 मिमी पाऊस आणि ओढा कोरडा, असं का? (माणगंगा खोरं)

राम राम मंडळी. माण, आटपाडी, सांगोल्याकडून बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, की मोबाईलवर सॅटेलाइटचा पाऊस 50 मिमी दिसतोय मग ओढ्याला पाणी का नाही, आणि आमच्या ओढ्यावर मोजायचं काहीच नाही तर या आकड्यावरून बंधारा किती भरेल ते कळेल का. कळेल, पण आकडा आहे तसा उचलू नका.

सॅटेलाइट थेंब मोजत नाही, ढगाकडून येणाऱ्या लहरींवरून अंदाज बांधतो. 2014 साली सोडलेल्या जीपीएम या पाऊस बघणाऱ्या उपग्रहाचा आयमर्ग नावाचा पावसाचा डेटा फुकट मिळतो, दर अर्ध्या तासाचा, पण त्यातला एक चौकोन साधारण 10 बाय 10 किलोमीटरचा, आणि आपल्याकडचा पाऊस तर या शिवारात पडतो आणि शेजारच्या शिवारात धूळ उडत असते. त्यात कोरड्या हवेत पाऊस खाली येता येता वाटेतच सुकतो, तोही कधीकधी धरला जातो. उलट घाटमाथ्यावरच्या बुटक्या ढगांचा पाऊस त्याला कमी दिसतो.

खरी गोम पुढे आहे. कर्व्ह नंबर पद्धतीने बघा, यात जमिनीला 100 पर्यंतचा नंबर देतात, नंबर जास्त तितकं पाणी जास्त वाहतं. जमिनीचा नंबर 80 धरला तर 50 मिमी पावसातून वाहून ओढ्याला जेमतेम 14 मिमी येतं आणि 60 मिमी पडला तर 20 मिमी. म्हणजे पावसाच्या आकड्यात 20 टक्के चूक झाली की पाण्यात जवळपास 45 टक्के चूक. आणि रान तापलेलं, कोरडं असेल तर त्याच 50 मिमीतून फक्त अडीच मिमीच्या आसपास, आधीच भिजलेलं असेल तर 29 पर्यंत! त्यामुळे ओढा कोरडा राहिला यात नवल नाही, पहिलं पाणी रानानेच पिलं.

मग करायचं काय, तर गावात एक साधा पर्जन्यमापक लावा, रोज सकाळी साडेआठला वाचा आणि वहीत लिहा. सॅटेलाइटशी एका दिवसाचा आकडा जुळवत बसू नका कारण आयमर्गचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो, 10 दिवसांची बेरीज जुळवा. सॅटेलाइट सतत दीडपट दाखवत असेल तर त्याच्या आकड्याला दीडने भागूनच वरच्या पाणलोटाचा हिशोब करा. 1 हेक्टरवर 1 मिमी म्हणजे 10 हजार लिटर, तेव्हा 1000 हेक्टरच्या पाणलोटातून 14 मिमी आलं तर 14 कोटी लिटर. सोबत पुलाच्या खांबावर रंगाने फूट आखा आणि ओढा वाहिला की पातळी नि वेळ लिहा, हे नसेल तर आपला हिशोब बरोबर आला का चुकला ते कधीच कळणार नाही.

चालू पावसाला साधारण 4 तासांनी येणारा डेटा चालतो, मागच्या वर्षांसाठी मात्र पर्जन्यमापकांशी जुळवलेला, साडेतीन महिन्यांनी येणारा फायनलच घ्या.

ज्यांनी ज्वारीचं विचारलंय त्यांनी बंधाऱ्याच्या भरवशावर थांबू नका, 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरमध्ये ओल बघून पेरून घ्या. पाणी जास्त लागणाऱ्या पिकाचं मात्र बर्गे (बंधाऱ्याच्या फळ्या) टाकून पाणी प्रत्यक्ष अडल्यावरच ठरवा.