वॉल्व्ह बसवला, तरी आवाज का फुटत नाही?

कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेल्या आणि बोलण्यासाठी वॉल्व्ह बसवलेल्या रुग्णांच्या घरून एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर म्हणतात वॉल्व्ह उत्तम आहे, मग यांना बोलता का येत नाही? हे प्रयत्नच करत नाहीत का?" बाजार समितीत अडतीचे दुकान चालवणारे एक काका पत्नी आणि मुलासह आले, तेव्हा मुलाने वडिलांच्या देखतच हे विचारले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी काकांना एक ते पाच आकडे मोजायला सांगितले. त्यांनी गळ्यावरचे छिद्र अंगठ्याने दाबले; "एक" कसाबसा निघाला, "दोन" अर्ध्यावर तुटला, मानेच्या शिरा तटतटल्या, अंगठ्याच्या कडेने हवा फुसफुसली आणि पाठोपाठ मोठी ढेकर आली. संध्याकाळपर्यंत पोट फुगते, पण जेवण नीट उतरते, असे काकूंनी सांगितले. प्रयत्न कमी पडणाऱ्या माणसाची ही लक्षणे नव्हेत.

मुळात आवाज वॉल्व्हमधून निघतच नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत पाडलेल्या छिद्रात बसवलेला वॉल्व्ह, गळ्यावरचे छिद्र दाबले की, फुप्फुसातली हवा अन्ननलिकेत सोडतो, आणि अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी असलेले स्नायू व अस्तर थरथरून आवाज घडतो. हे स्नायू एरवी बटव्याच्या तोंडासारखे आवळलेले असतात. त्यांचे कामच ते आहे. काही जणांत खालून हवा येताच ते सैल पडण्याऐवजी आणखी घट्ट होतात, हवा पोटात वळते, आणि रुग्ण जितका जोर लावतो तितका घसा जास्त मिटतो. म्हणूनच "जरा जोर लावा" हा घरोघरी दिला जाणारा सल्ला इथे अपायच करतो.

काकांच्या मनातली भीती वेगळी होती. त्यांनी पाटीवर लिहिले : "परत गाठ?" ही शंका आधी फेडणे आवश्यकच असते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून तपासले. गाठ नव्हती आणि मार्ग व्रणामुळे अरुंदही झालेला नव्हता. वॉल्व्ह काढून त्याच्या नुसत्या छिद्रातून बोलायला लावले, तरी आवाज तसाच अडकला, म्हणजे दोष वॉल्व्हचा नव्हता. बोलताना काढलेल्या बेरियमच्या क्ष-किरण चित्रफितीत घशाच्या मागच्या भिंतीतून पुढे आलेला स्नायूचा उंचवटा दिसला. शेवटी मानेत एका बाजूला भुलीचे लिग्नोकेन देऊन हे स्नायू तात्पुरते सैल केले आणि काका सलग बोलले. त्यांचे पहिले पूर्ण वाक्य एका जुन्या उधारीच्या वसुलीबद्दल होते, आणि उत्तर द्यायला मुलाला बराच वेळ लागला.

भुलीचा परिणाम अर्थातच थोड्या वेळात ओसरतो. तो आला, याचा अर्थ बोटुलिनम टॉक्सिनचे, म्हणजे बोटॉक्सचे, इंजेक्शन लागू पडण्याची शक्यता चांगली. "हे विषच ना?" असे काकूंनी स्पष्ट विचारले. मूळ पदार्थ विषारी आहे, हे मी नाकारले नाही. मात्र मोजक्या मात्रेत ते नेमक्या स्नायूत दिले, की मज्जातंतूकडून येणारा आकुंचनाचा संदेश तिथेच अडतो. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारणपणे काही महिने टिकतो. गिळणे काही काळ मंदावू शकते, जेवण वर येऊ शकते, म्हणून जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आधी सांगावी. कायमचा पर्याय म्हणून हे स्नायू शस्त्रक्रियेने कापून सैल करता येतात; अमेरिकेतील कान-नाक-घसा शल्यतज्ज्ञ सिंगर आणि स्पीच थेरपिस्ट ब्लॉम यांनी तो मार्ग १९८१ मध्येच मांडला होता. तरीही आधीच किरणोपचार झालेल्या मानेवर पुन्हा शस्त्र चालवण्यापेक्षा प्रथम इंजेक्शन बरे, असे माझे मत आहे.

काकांनी इंजेक्शन घेतले. स्नायू सैल असतानाच हलक्या दाबाने, लहान वाक्यांत बोलण्याची सवय त्यांना स्पीच थेरपिस्टने लावली. पुढे काही रुग्णांना ही मात्रा पुन्हा घ्यावी लागते, काहींना लागत नाही. आवाज पुन्हा ओढल्यासारखा वाटू लागला, तर जोर न लावता भेटायला यायचे, असे मुलाशी ठरले आहे.