भीमेच्या वळणावरचे माचणूर

प्रश्न : सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाताना बेगमपूरचा पूल ओलांडला की माचणूर लागते. एवढ्या लहान गावाजवळ औरंगजेबाने तळ का ठोकला? आणि आज हे गाव कशावर जगते?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : औरंगजेबाची छावणी माचणूरला लागून असलेल्या ब्रह्मपुरी येथे 1695 ते 1699 या काळात होती आणि त्याने ब्रह्मपुरीचे नाव इस्लामपुरी असे ठेवले होते. विजापूर 1686 मध्ये आणि गोवळकोंडा 1687 मध्ये जिंकूनही मराठे आटोक्यात येत नव्हते, त्यामुळे बादशहाला दक्षिणेतच ठाण मांडावे लागले. या जागेच्या निवडीमागे, आमच्या मते, लष्करी डावपेचांइतकाच दाणावैरणीचा विचार असावा. कारण हत्ती, घोडे, उंट आणि बैल यांच्यासह वावरणाऱ्या फौजेला भीमेचे पाणी आणि काठच्या काळ्या रानातला कडबा ही दोन्ही येथे जवळ मिळत होती. संताजी घोरपड्यांनी 1695 च्या अखेरीस कर्नाटकातील दोड्डेरी येथे मुघल सरदार कासिमखानाची कोंडी केली, तेव्हा बादशहाचा मुक्काम येथेच होता. ऑक्टोबर 1699 मध्ये तो साताऱ्याच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा जनानखाना आणि जड सामान त्याने येथेच मागे ठेवले. पलीकडच्या काठावरील बेगमपूरची कबर त्याच्या कन्येची असल्याचे सांगितले जाते. माचणूरला नदीकाठी किल्ल्याचे अवशेष आहेत आणि शेजारीच सिद्धेश्वराचे मंदिर व घाट आहे.

गावाचे पोट शेतीवर आहे आणि ती शेती समजून घ्यायची तर माती पाहावी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही खोल काळी जमीन परतीच्या पावसाचे पाणी धरून ठेवते आणि त्या ओलाव्यावर, पुढे पाऊस झाला नाही तरी, रब्बीची ज्वारी पिकते. जवळच्याच मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवड झालेली ‘मालदांडी 35-1’ ही जात या भागात रुजली आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुभती जनावरे असलेल्या घरात मालदांडीच्या कडब्याला धान्याइतकेच मोल असते, हे शहरातल्या वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही.

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाल्यानंतर भीमाकाठी ऊस वाढला. उसाने हाती रोख पैसा दिला, हे खरे. पण त्याने शेतकऱ्याला नदीच्या पाण्यावर पुरते अवलंबूनही केले. सोलापूर शहरासाठी उजनीतून सोडलेले पाणी याच पात्रातून औज बंधाऱ्याकडे जात आले आहे आणि टंचाईच्या वर्षी ते वाटेत उपसले जाऊ नये म्हणून काठावरच्या पंपांची वीज तोडली जाते. त्यामुळे शहराला पाणी मिळते, पण काठावरचा ऊस वाळतो. हा प्रश्न शहर आणि गाव यांनी एकत्र बसून सोडवला पाहिजे, असे आम्हांला मनापासून वाटते.

आपण माचणूरला जाणार असाल, तर महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते हे ध्यानात ठेवावे. शिवार पाहायचे असेल, तर ज्वारी हुरड्यात येते त्या डिसेंबर-जानेवारीत जावे.