कुलूप लागण्याआधी

चि. यास, अनेक आशीर्वाद.

पतसंस्थेत कर्जाचं टेबल तुझ्याकडे आलं, आणि गाव इचलकरंजी, यंत्रमागांचं. कारखान्याला कुलूप दिसलं की मंदी आली, असं धरून चालू नकोस. कुलूप सगळ्यात शेवटी लागतं.

मागवाल्याला भाव नंतर विचार, आधी उधारीचे दिवस विचार. ३० दिवसांत येणारं पेमेंट ६० आणि मग ९० वर गेलं की रोखीनं सूत घेणाऱ्याचं भांडवल वाटेतच अडकतं. इथलं कापड प्रोसेसला, म्हणजे रंगाई-छपाईला, राजस्थानातल्या पाली-बालोत्र्यापर्यंत जातं. तिकडं माल तुंबला की इकडं चेक लांबतो. मार्च महिन्याचा खातेउतारा बघून मात्र हुरळू नकोस. प्राप्तिकराच्या नियमामुळे (१९६१च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे १५ दिवसांत, लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर व्यापाऱ्याला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. म्हणून वर्षअखेरीला पैसे सुटतात. खरं चित्र मे-जूनच्या उताऱ्यात.

खर्चीवाल्याचं गणित वेगळं. सूत व्यापाऱ्याचं, त्याची फक्त मजुरी. त्याला विचारायचं ते एवढंच: बीम (मागावर चढवायचा उभ्या सुताचा रूळ) संपल्यावर दुसरा किती दिवसांनी आला? हिशेब तुला करता आला पाहिजे. पिक म्हणजे आडवा धागा. इंचाला ५२ पिकाचं कापड म्हणजे मीटरला साधारण २०४७ पिक. मिनिटाला १४० पिक मारणारा साधा माग १२ तासांच्या पाळीत न थांबता ४९ मीटर काढेल. सूत तुटणं, आडव्या सुताची कांडी बदलणं धरून ४० धर. दोन पाळ्यांचे ८०. तो महिन्याला हजार मीटरच सांगत असेल, तर माग निम्मासुद्धा चालत नाही, खडखडाट कितीही ऐकू येवो.

वीजबिलातले रुपये बघू नकोस, दर बदलतात. युनिट बघ, आणि तेही गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून. दिवाळी-छठनंतर आणि होळीला बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार गावी जातात, तेव्हा माग थांबतातच. ती मंदी नव्हे. ते ठरल्या वेळी परतले नाहीत, खोल्या आणि खानावळी रिकाम्याच राहिल्या, की मग कान टवकार.

आपल्या घरचीच खूण लोक विसरतात: पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव. रोजचे १०० भरणारा पानपट्टीवाला ५० वर येतो, मग दिवसाआड. त्याच सुमारास सोनेतारणात नुसतं व्याज भरून नूतनीकरण करणारे वाढतात. दागिना सुटत नाही, नवा मात्र येतो.

चालू माग किलोवर भंगारात निघाला, तर त्या तारणाची किंमत कागदावरचीच उरली. लगेच प्रत्यक्ष पाहणी कर. जुना हप्ता भागवायला नवं कर्ज देऊ नकोस. मुदत वाढवायची तर दोन बीमांमधलं अंतर बघून वाढव.

दहा खातेदार निवड. दरमहा प्रत्येकाचे युनिट, उधारीचे दिवस आणि पिग्मी एका वहीत उतर. तीन महिने झाले की ती वही मला दाखव.