पैजेचं मटण

प्रश्न : बाई, आम्हा दोघा भावांचं चप्पल लाईनीत एकच दुकान. लोकसभेला दादा एका बाजूचे, मी दुसऱ्या. १ जून २०२४ ला टीव्हीवरचे एक्झिट पोल बघून दादांनी पैज लावली : 'चारशे पार झालं नाही तर अख्ख्या घराला मटण.' ४ जूनला भाजप २४० वर थांबला. मी दुकानासमोर फटाक्यांची माळ लावली, दादांचं नाव घालून स्टेटसही ठेवलं. दादा म्हणाले, 'सरकार आमचंच आलंय, पैज कसली?' तेव्हापासून हिशेबापुरतंच बोलतात. काय करू?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : माळ एक वेळ चालली असती. स्टेटसमध्ये थोरल्या भावाचं नाव घातलंत, ते मला पटलं नाही.

बहुमताला २७२ लागतात. भाजपचे २४०, एनडीए मिळून २९३. म्हणजे दादांचं सरकार आलं आणि तुमच्या बाजूचं बळ वाढलं. दोघांच्याही पदरात काहीतरी पडलंय, तरी दोघं फुगून बसलाय. आपल्याच जिल्ह्यात बघा, कोल्हापुरात काँग्रेसचे शाहू छत्रपती आले, शेजारी हातकणंगल्यात शिंदेसेनेचे धैर्यशील माने. दोन्हीकडची गिऱ्हाईकं तुमच्या दुकानात येतात. माप काढताना मत कुणाला दिलं म्हणून विचारता का?

मी शाळेत शिकवायचे, त्यामुळे इलेक्शन ड्युटी चुकली नाही कधी. २००४ ला केंद्राध्यक्ष होते. देशभर सगळीकडे मशीन असलेली ती पहिलीच लोकसभा. तेव्हाही अंदाज एक आणि निकाल भलताच, वाजपेयींचं सरकार गेलं. मला मात्र आठवतात ते आमच्या केंद्रातले पोलिंग एजंट. एकमेकांच्या विरोधातले, पण दिवसभर एकाच बाकावर. दुपारी एकाचा ठेचा, दुसऱ्याची भाकरी. संध्याकाळी १७-सी वर, म्हणजे केंद्रावर झालेल्या मतदानाच्या हिशेबाच्या फॉर्मवर, मतांचा आकडा भरून मी सही केली, आपापली प्रत घेऊन गेले बिचारे.

त्याच दिवशी एक म्हातारबाबा ओळखपत्र घेऊन आले. यादी तीनदा चाळली, नावच नाही. काही न बोलता परत गेले. ते कुणाला मत देणार होते, मला आजही माहीत नाही.

तेव्हा असं करा. सकाळी दुकान उघडताना, गिऱ्हाईक यायच्या आत, दादांना सरळ म्हणा, 'स्टेटस ठेवलं ते चुकलं माझं.' निकालाचा 'नि' काढू नका. पैज तुम्ही जिंकलात हे मला मान्य, पण मटण तुम्हीच आणा. तांबडा-पांढरा वहिनींच्या हातचाच होऊ दे. दादा हसले नाहीत तरी त्यांची वाटी भरा.

मग पेठेची मतदार यादी मिळवा आणि दोघं मिळून घरोघर तपासा. नाव नसेल त्याला नमुना ६, चुकलं असेल तर ८, वारलेल्यांचं नाव काढायला ७. दादा पेठेत घरटी माणूस ओळखत असतील, मोबाईलवरचं तुम्ही बघा. यादी त्यांच्या हातात द्या, थोरले आहेत.

आणि मटण शुक्रवारी नको. अंबाबाईचा वार, वहिनींचा उपास असला तर पुन्हा पंचाईत.